‘झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "काका, तुमच्या धंद्याविषयी लिहा. जरा प्रेरणादायी." मी म्हटलं, प्रेरणा माझ्याकडे नाही, बिघडलेल्या डिस्का आहेत. त्या चालत असतील तर लिहितो. शाळा मी सातवीत सोडली, तेव्हा शुद्धलेखन त्यांनी बघावं आणि खरंखोटं मी बघतो, अशी वाटणी ठरली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला ताटकळायला नको. माझी बायको गेल्या वर्षी गेली. ती धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात हळदीच्या वेळी मांडवात बसून धवळे, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, म्हणते ती बाई. भटजी नंतर, आधी ती. देवांना आमंत्रण तिच्या तोंडून जातं, गेलेल्या माणसांनासुद्धा. तिचा आवाज एका कॉम्प्युटरच्या डिस्कवर होता. म्हणजे आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. नातीच्या, मयुरीच्या, हळदीला तो आवाज लागणार होता, आणि मला तर काय, रोजच. त्या आवाजाचं काय झालं ते सांगायला बसलोय. त्यासाठी डिस्कविषयी थोडं समजून घ्यावं लागेल. कंटाळा येईल. मलाही आला होता.

मी मूळचा गव्हाणचा. पनवेलला एका दुकानात मोटारी वाइंडिंग करायला लागलो. मग स्टॅबिलायझर आले, मग यूपीएस आले, मग यूपीएसला जे काही जोडलेलं असेल ते. असा मी कॉम्प्युटरवाला झालो. इंग्रजी मला वाचता येत नाही, अक्षरं ओळखतो. कमांड मी रांगोळीचे ठिपके मोजावेत तशी एकेक अक्षर मोजत मारतो. पण मारली की लागते.

आता डिस्क. डिस्क म्हणजे गोदाम समजा. गोदामाच्या दाराशी एक ओटा असतो. माल आला की हमाल तो ओट्यावर टाकतो आणि ओरडतो, "झालं!" ट्रकवाला खूश, निघून जातो. आत नेऊन रचायचं ते मागाहून, सवडीने. डिस्क अगदी हेच करते. तुम्ही काही सेव्ह केलं की ती ते आपल्या छोट्या मेमरीत, म्हणजे ओट्यावर, टाकते आणि म्हणते झालं. झालेलं काही नसतं. मधल्या वेळात लाईट गेली, तर ओट्यावरचा माल नुसता भिजत नाही, मुळात आलाच नव्हता असा होतो. या ओट्याला राइट कॅश म्हणतात. नवीन गिऱ्हाइकाला मी पहिल्याच दिवशी विचारायचो, "कॅश बंद ठेवायची का?" आणि तो घाबरून म्हणायचा, "नाही नाही, आम्ही चेकसुद्धा घेतो."

मला डिस्कचा कधी राग आला नाही. ती जिथे कुठे बनत असेल, तिथे मराठी माणसं कामाला असणार. आपल्याकडे ‘आलो’ म्हणजे येणार आहे. ‘निघालोच’ म्हणजे आता आंघोळीला चाललोय. ‘झालं’ म्हणजे बघू. फोनवर "हा काय, पोचलोच" म्हणणारा माणूस घरात टॉवेल शोधत असतो, आणि ऐकणाराही ते समजून आणखी एक चहा मागवतो. डिस्क तेवढंच करते. फरक एवढाच की डिस्कचं ‘झालं’ आपण खरं मानतो, कारण ती इंग्रजीत सांगते.

हा ओटा वापरायचा की नाही हे ठरवणारा एक साहेब सिस्टीमच्या पोटात बसलेला असतो. त्याला कर्नल म्हणतात. तो डिस्कला हुकूम देतो, मेमरी वाटतो, कोणी कधी काय लिहायचं ते बघतो. त्याला शून्य सांगितलं की ओटा बंद, माल थेट आत, काम सावकाश पण पक्कं. एक सांगितलं की ओटा चालू, काम झटपट आणि बाकी देवाच्या हवाली. शिवाय कर्नलचा स्वतःचाही एक ओटा असतो, डिस्कच्या ओट्यापेक्षा खूप मोठा. तो किती भरू द्यायचा, माल किती वेळ धरून ठेवायचा, हेही त्याला सांगता येतं. आणि मशीन बंद करून चालू केलं की बरेचदा सांगितलेलं सगळं विसरून तो आपल्या मूळ सवयीवर येतो. दारू सोडलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत, त्यामुळे हे मला नवीन नव्हतं. मशीन उठता उठताच त्याच्या कानात शून्य जाईल अशी सोय मी करून ठेवायचो.

कर्नल म्हणजे मिलिटरीतला, असंच मी समजत होतो. शिस्त, हुकूम, सगळं जुळतच होतं. मयुरी कॉम्प्युटर शिकून कंपनीत लागली, तेव्हा एकदा मी तिला माझं ज्ञान सांगायला बसलो. ती तोंडावर ओढणी धरून हसायला लागली.

"आजोबा, कर्नल नाही हो. कर्नेल. म्हणजे गाभा, आतली बी."

"मग इतकी वर्षं मी सलाम कोणाला करीत होतो?"

"बीला," ती म्हणाली.

माझी बायको भाकरी थापत होती. ती तव्याकडे बघत म्हणाली, "मना तर कवापासून म्हाईत होता. ज्यो सैन्यात हाय त्यो यांचा कशाला आयकेल?"

मी अजून कर्नलच म्हणतो. बीला हुकूम द्यायला मला जमणार नाही.

गिऱ्हाइकांना मात्र शून्य कधीच आवडलं नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एक शेठ होते. त्यांचा ट्रक तोलायचा काटा कॉम्प्युटरला जोडलेला. मी शून्य घालून आलो की शेठचा फोन, "मशीन बैलगाडी झालंय, ट्रकांची रांग हायवेला लागली." मी सांगायचो, शेठ, लोखंड विकता, घाई कसली, ते काय नासणार आहे? त्यांना विनोद कळत नसे. शेवटी त्यांच्या जावयाने एक घातला. सगळे खूश. काटा भराभर ‘झालं’ म्हणायला लागला. मग एक दिवस लाईटने झटका दिला, आणि नुकत्याच तोललेल्या भरल्या ट्रकचं वजन नाहीसं झालं. ट्रक तोवर पुण्याच्या रस्त्याला लागलेला. शेठनी ड्रायव्हरला फोन लावला, आहेस तसा मागे फिर, पुन्हा तोलायचंय. ड्रायव्हर इमानदार माणूस. तो फिरला. पण आधी माल उतरवून फिरला, कारण भरल्या गाडीला डिझेल जास्त लागतं. रिकाम्या ट्रकचं वजन काट्यावर अगदी बिनचूक आलं आणि पक्कं सेव्हही झालं. शेठनी त्या दिवशी मला बोलावून सांगितलं की तुमचं मशीन खराब आहे.

असा हा धंदा. जोवर नुकसान होत नाही तोवर आम्ही बैलगाडीवाले, आणि झालं की मशीन खराब.

आता माझ्या घरातलं.

मयुरीचं लग्न ठरलं तेव्हा हिला, म्हणजे माझ्या बायकोला, दम लागायला लागला होता. दोन पायऱ्या चढली की बसायची. डॉक्टर म्हणाले, गाणंबिणं बंद. ती म्हणाली, "बिणं बंद करतंय, गाना नाय करत." पण तिला समजलं होतं. एकदा मासे साफ करता करता मला म्हणाली, "ओ, आयकलं का. हलदीला मी असन नसन. त्या भोंगेवाल्याच्या आधी माजा धवला वाजाला पायजे. काय ता यंत्रात भरून ठेवा."

धवळा एकटीने म्हणायचा नसतो. पुढची बाई ओळ म्हणते, मागची तिचं शेपूट उचलून धरते, त्याला झील म्हणतात. हिची झील कायम नामीबाय धरायची. लहानपणापासूनची मैत्रीण, गव्हाणचीच. तर दोघींना रिक्षात घालून मी जुन्या पनवेलात शकीलभाईच्या स्टुडिओत घेऊन गेलो. शकीलभाई लग्नाचे व्हिडिओ करतो. त्याचं मशीन मीच बसवून दिलेलं, शून्य घालून. माणूस सज्जन, हाताचा सढळ, फक्त घाईचा.

त्याने हिच्या कानाला हेडफोन लावायला घेतला. ही म्हणाली, "ता बैलाला लाव. मना माजा आयकू येतंय." नामीबायला त्याने सांगितलं की चाची, तुम्ही लांब बसा, दुसरा माइक देतो. नामीबाय म्हणाली, "लांब बसलू तं झील कशी धरू? तिचा पाय हलतंय त्याव माजा सूर लागतंय." शेवटी दोघी जमिनीवर चटई टाकून मांडीला मांडी लावून बसल्या, आणि मला बाहेर काढलं. नवरा समोर बसला की धवळा म्हणता येत नाही म्हणे. मी समोरच्या टपरीवर गेलो.

आत काय झालं ते नामीबायकडून कळलं. ही सगळा धवळा म्हणाली, मध्ये एकदाच थांबली, पाणी प्यायली. शकीलभाई म्हणाला, "झालं, चाची." ही म्हणाली, "आयकव." विश्वास ठेवणारी बाई नव्हती ती. त्याने वाजवून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ही ऐकत राहिली आणि म्हणाली, "ही कोन भवानी हाय? माजा आवाज असा नाय." नामीबाय म्हणाली, "असाच हाय गो, आमी जन्मभर सोसला ना." दोघी हसल्या. तेवढ्यात लाईट गेली.

यूपीएस होता की. पण त्याची बॅटरी शकीलभाईने दुसऱ्या कोणाच्या हळदीच्या शूटिंगला दिव्यांसाठी नेली होती. लाईट आली, मशीन उठलं. मी टपरीवरून आलो तर शकीलभाई पडद्यावर बोट ठेवून दाखवतोय, "ही बघा चाचा, फाईल. नाव आहे, साइज आहे, सगळं आहे. चाचींनी पूर्ण ऐकलीसुद्धा." मी बघितलं. नाव होतं, साइज चांगली मोठी होती. हिला घाम सुटला होता, तिला रिक्षात बसवलं आणि निघालो. त्यानंतर ती गायली नाही. दिवाळी तिने पाहिली नाही.

तिच्यामागे मी शकीलभाईकडे गेलो नाही. का, ते सांगता येत नाही. आवाज आहे एवढं पुरत होतं. लोक समाचाराला यायचे, म्हणायचे, काका, आता तुम्ही स्वतःला जपा, कुठेतरी फिरून या, भजनाला बसा. एकाने तर योगासनाच्या वर्गाचा कागद दिला. मी मनात म्हणायचो, तुम्ही या आणि जा, माझ्याकडे आवाज आहे. हळद झाली की रोज सकाळी लावीन, चहाच्या वेळी, जेव्हा ती मला ओरडायची.

हळदीच्या आधी मयुरी आणि मी पेन ड्राइव्ह घेऊन स्टुडिओत गेलो. शकीलभाईने फाईल लावली. पडद्यावरचा काटा पुढे सरकायला लागला, आणि आवाज काही नाही. त्याने स्पीकर हलवला. वायर बदलली. आवाज मोठा केला, तर स्पीकरचाच घुंऽऽ यायला लागला. मयुरीने त्याला उठवलं आणि स्वतः बसली. फाईल उघडून ती वरपासून खालपर्यंत बघत गेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजोबा, नाव आहे. साइज बरोबर आहे. आत सगळी शून्यं आहेत."

जन्मभर मी लोकांना सांगत आलो, शून्य घाला, शून्य घाला. बायकोच्या जागी भरभरून शून्यं मिळाली.

मी शकीलभाईला विचारलं, "मशीनला काय केलंस?"

"काही नाही चाचा."

"शकील, काय केलंस?"

मग निघालं. सीझनला व्हिडिओ बनायला उशीर होत होता. इंटरनेटवर कोणीतरी हिंदीत सांगितलं होतं की कर्नलचा ओटा मोठा करा, त्याला म्हणावं भरपूर साठव, लिहायची घाई करू नकोस, मशीन उडायला लागेल. उडालं. हिने जो आवाज ऐकला, तो ओट्यावरचा होता. गोदामात त्यातलं काही गेलंच नव्हतं. दारावर फक्त पाटी लागली होती, नाव आणि मापासकट. नाक्यानाक्यावर असल्या पाट्या आहेत, नियोजित उद्यान, नियोजित वाचनालय. त्या वाचून मी इतकी वर्षं हसत आलो.

"फक्त सीझनपुरतं केलं होतं चाचा," शकीलभाई म्हणाला आणि डोकं धरून खाली बसला. "मला वाटलं ऐकलं म्हणजे झालं. अल्लाकसम, माझी अम्मी असती तरी मी असंच समजलो असतो."

मी त्याला जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. संपादकांनी विचारूही नये. मग त्यानेच सगळ्यांसाठी चहा मागवला आणि आम्ही तो प्यायलो. दुसरं काय करणार?

मयुरी ती डिस्क घरी घेऊन आली. कसले कसले प्रोग्राम लावून ती सगळी डिस्क धुंडाळत बसली. कुठल्या कुठल्या लग्नांचे तुकडे निघाले, करवल्या, पंगती, एका नवरदेवाची घोड्यावरून पडतानाची क्लिप, जी शकीलभाईने त्या घरच्यांना पुसली म्हणून सांगितलं होतं. घोडासुद्धा परत आला. हिचा एक सूर निघाला नाही. मी विचारलं, अजून काही करता येईल का? पोरीचे डोळे भरले होते. म्हणाली, "आजोबा, पुसलेलं परत आणता येतं हो. लिहिलंच नाही ते कुठून आणू?"

हळदीचा दिवस आला. भोंगेवाल्याने दुपारपासून भोंग्यांची अशी भिंत उभी केली होती की मागे आमचं घर आहे हे पाहुण्यांना विचारून कळत होतं. त्याने एकदा नुसतं ‘चेक’ म्हटलं तर शेजाऱ्याची मांजर जी गेली ती अजून आलेली नाही. मांडवात मयुरी पाटावर बसलेली, बायका हळद घेऊन तयार, आणि सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. सगळ्यांना ठाऊक होतं की आजीचा धवळा लागणार आहे. सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, आता हळद लावायची तर कशावर?"

मी नामीबायकडे गेलो. "नामे, तू बोल."

ती म्हणाली, "दादूस, मना झील येतंय. म्होरचा मी कवा बोललू? म्होरचा ती बोलं. ती सुरू करं, मंग माजे तोंडात आपोआप येय. तिच्याबिगर मना येक आखर आठवत नाय." तिने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. बाकीच्या बायका एकमेकींना विचारायला लागल्या. एक म्हणे तोरण आधी, दुसरी म्हणे कळस आधी. तिसरी म्हणाली, मोबाइलवर शोधा की. भोंगेवाला म्हणाला, "मावशी, माझ्याकडे आहे एक हळदीचं, रिमिक्स." तो वाचला, कारण माझ्या हाताशी काही नव्हतं.

पुढचं म्हणणारी गेली होती, पण तिचं पुढचं रोज ऐकणारा मी होतो. तांदूळ निवडताना, कोलंबी सोलताना, माझं डबडं बांधताना ती तेच घोळवायची. मी चिडायचो, जरा गप बस म्हणायचो. पुरुषाने धवळा म्हणायचा नसतो. माझा आवाजही असा की लहान मूल झोपेतून उठेल. मी नामीबायच्या शेजारी खाली बसलो, मांडीला मांडी लावून, आणि सुरू केलं.

"मांडव घातलाय गो, मांडवाला तोरन..."

बायका फुटल्या हसायला. एक म्हणाली, "गो बाय, धवलारा आला!" पनवेलकडे धवलारीण सगळ्यांनी पाहिलेली, धवलारा कोणी नाही. पोरांनी मोबाइल काढले. माझा मुलगा मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला. पण नामीबाय हसली नाही. तिचा गुडघा हलला आणि तिने झील धरली, "...मांडवाला तोरन." मग सगळं आपोआप आलं. डोंगराच्या देवाला बोलावणं गेलं, खाडीच्या देवाला गेलं, गावदेवीला गेलं. मी बेसूर, ती सुरात. हसणं कधी थांबलं ते मला समजलं नाही.

शेवटी गेलेल्या बायांना बोलावतात. घरातल्या एकेकीचं नाव घ्यायचं आणि तिला हळदीला बोलवायचं. माझ्या आईचं नाव घेतलं. चुलतीचं घेतलं. आणि थांबलो.

उभ्या संसारात मी हिला नावाने हाक मारली नव्हती. ‘अगो’ म्हटलं की ती यायची. मुलगा झाल्यावर मुलाची आई, नात झाल्यावर मयुरीची आजी. आमच्यात तशी रीतच नव्हती आणि मला गरजही पडली नव्हती, घरात तर असायची. दवाखान्याच्या कागदावर नाव विचारलं तेव्हासुद्धा मी मुलाला पुढे केलं होतं. आता मांडवभर बायका वाट बघत होत्या आणि माझी जीभ उचलत नव्हती.

नामीबाय हळूच म्हणाली, "बोल ना दादूस. तू बोलल्याबिगर मी झील कशाची धरू?"

मी म्हटलं, "हिराबाय, ये गो, नातीचे हलदीला."

नामीबायने झील धरली, "ये गो, नातीचे हलदीला." मग मागच्या बायकांनी धरली, मग बाहेर उभ्या होत्या त्यांनी. मयुरीच्या अंगाला पहिली हळद लागली. मी उठलो, गुडघे झटकले आणि भोंगेवाल्याला सांगितलं, आता लाव बाबा, काय वाजवायचं ते वाजव.